समुद्रातल्या पवनचक्कीचे पाय

जुहू विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरच्या आवाजाची सवय झालेली असते. 1928 साली सुरू झालेल्या या विमानतळावरून आज मुख्यतः हेलिकॉप्टरंच उडतात, आणि त्यांतली बरीचशी मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय या समुद्री तेलक्षेत्राकडे जातात. पाळीवर निघालेले अभियंते, वेल्डर, पेंटर, स्वयंपाकी त्यांत बसलेले असतात. ते ज्या प्लॅटफॉर्मवर उतरतात तो सत्तर-ऐंशी मीटर खोल पाण्यात पोलादी पायांवर उभा आहे. जाड नळ्या एकमेकींना वेल्ड करून केलेल्या त्या जाळीदार घडणीला जॅकेट म्हणतात. ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगनं फेब्रुवारी 1974 मध्ये इथं तेल शोधलं, 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झालं, आणि तेव्हापासून अरबी समुद्र हे पाय खातोय. पंचवीस वर्षांच्या हिशेबानं आखलेले कित्येक प्लॅटफॉर्म आज त्या मुदतीच्या खूप पुढे जाऊन काम करताहेत. ते आपोआप टिकलेले नाहीत. त्यांच्यामागे ॲनोड, म्हणजे पोलादाऐवजी झिजणारे धातूचे ठोकळे, आहेत, रंगाचे थर आहेत, पाणबुडे आहेत आणि वर्षानुवर्षांच्या मोजमापांच्या वह्या आहेत.

हे सगळं आज आठवायचं कारण याच समुद्राच्या उत्तरेला, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पवनचक्क्या उभारायचं घाटतंय. केंद्रानं समुद्री पवनऊर्जेचं धोरण 2015 मध्ये जाहीर केलं. 2017 मध्ये पिपावावजवळ समुद्रात वारा मोजायचं लायडार यंत्र बसलं. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 7,453 कोटी रुपयांची व्यवहार्यता-तूट योजना मंजूर केली: गुजरातेजवळ 500 मेगावॅट, तमिळनाडूजवळ 500 मेगावॅट, शिवाय दोन बंदरांच्या सुधारणेसाठी 600 कोटी. निविदा निघाली, मुदती वाढत गेल्या, पण भारताच्या समुद्रात वीज देणारी एकही पवनचक्की अजून उभी राहिलेली नाही. म्हणजे चुका करायला वेळ आहे, तसाच त्या टाळायलाही आहे. या साऱ्या चर्चेत पाती किती लांब, युनिटचा दर किती, यावर भरपूर बोललं जातं. पाण्याखालच्या पायाबद्दल फार थोडं बोललं जातं. माझं ठाम मत असं की या प्रकल्पांचं भवितव्य पात्यांपेक्षा पायांवर जास्त अवलंबून आहे, आणि ते पाय राखण्याचं आपल्या देशातलं सर्वांत मोलाचं ज्ञान मुंबईत, तेलाच्या धंद्यात, साठलेलं आहे.

गंज म्हणजे काय हे उपनगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत स्ट्रक्चरल ऑडिट हा ठरलेला विषय असतो. तीस वर्षांवरच्या इमारतींना ते कायद्यानं करावंच लागतं. बाल्कनीखालचा गिलावा फुगतो, पोपडे पडतात, आतली सळई लाल होऊन सुटी दिसते. नव्या काँक्रीटची अल्कधर्मिता इतकी तीव्र असते की सळईवर एक पातळ संरक्षक थर धरून राहतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड आत झिरपले की तो थर तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. खाडीवर हाच प्रकार फार लवकर घडतो. वाशीचा पहिला खाडीपूल 1973 मध्ये खुला झाला आणि त्याच्या ताणलेल्या केबलींच्या गंजानं अभियंत्यांची झोप उडवली. 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल आला. गोव्यात पणजीचा मांडवी पूल जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा असताना 5 जुलै 1986 रोजी कोसळला, आणि त्याच्याही मुळाशी गंजच होता. भरवस्तीतल्या, रोज हजारो लोकांच्या पायाखालच्या पुलांची ही गत झाली. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, माणूस वस्तीला नसलेल्या खांबाकडे कोण आणि किती वेळा पाहणार, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवशी विचारायला हवा.

युरोपातल्या समुद्री पवनचक्क्यांपैकी सुमारे 80 टक्के चक्क्या मोनोपाइलवर उभ्या आहेत. हा शब्द मुंबईकरांनी कोस्टल रोडच्या बातम्यांत वाचलेला आहे, पण तिथले मोनोपाइल काँक्रीटचे आणि तीन-साडेतीन मीटर व्यासापर्यंतचे. पवनचक्कीचा मोनोपाइल म्हणजे आठ-दहा मीटर व्यासाची, दहा सेंटिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याची, हजार-दीड हजार टन वजनाची पोकळ पोलादी नळी. ती समुद्रतळात ठोकतात आणि तिच्यावर पिवळ्या रंगाचा जोडभाग आणि मनोरा चढवतात.

ही नळी वरपासून खालपर्यंत सारखी गंजत नाही. सर्वांत वर खारी हवा लागते. तिथं उत्तम रंग पुरतो. तळाशी चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून गंज मंद असतो, पण गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू तिथं आपलं काम करत असतात. मधल्या, सदैव बुडालेल्या भागाला विजेनं राखता येतं. त्याकडे पुढे येतो. खरा वैरी आहे तो लाटा आणि तुषारांचा पट्टा. तिथं पोलाद भिजतं, सुकतं, पुन्हा भिजतं. मिठाचा थर जमतो, प्राणवायू हवा तेवढा मिळतो, ऊन तापवतं, आणि पाण्याचा अखंड संपर्क नसल्यानं विजेचं संरक्षण तिथपर्यंत पोचत नाही. या क्षेत्रात जगभर वापरली जाणारी डीएनव्ही या संस्थेची मार्गदर्शिका या पट्ट्यासाठी थंड समुद्रात वर्षाला 0.3 मिलिमीटर आणि उष्ण समुद्रात 0.4 मिलिमीटर झीज धरायला सांगते. उष्ण समुद्राच्या या हिशेबानं पंचवीस वर्षांत उघडं पोलाद 10 मिलिमीटर जाईल. रंग पंधरा वर्षं टिकला असं धरलं तरी उरलेल्या दहा वर्षांसाठी 4 मिलिमीटर जास्तीचं पोलाद आधीच घालून ठेवावं लागतं.

त्याच्याही खाली, ओहोटीच्या सर्वांत खालच्या रेषेलगत, आणखी एक जागा आहे. बंदरांच्या पोलादी भिंतींवर तिथं नारिंगी चट्टे दिसतात आणि ते खरवडले की आतलं पोलाद चकचकीत, खड्डे पडलेलं सापडतं. जिवाणूंच्या वस्तीमुळे होणारी ही झीज वर्षाला मिलिमीटरभरही जाऊ शकते. हे चट्टे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीतच थोडा वेळ उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं उतरतच नाही. कोळी माणूस समुद्रात जायची वेळ ज्या पंचांगावर ठरवतो, त्याच पंचांगावर इथं तपासणीची वेळ ठरवावी लागते.

आता विजेच्या संरक्षणाकडे. ही युक्ती दोनशे वर्षं जुनी आहे आणि तिच्या जन्मकथेत हिंदुस्थानात बांधलेलं एक जहाज आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधत होते. त्यांतलं ‘ट्रिंकोमाली’, 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात सोडलेलं, आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून बचाव म्हणून अशा जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारत, आणि समुद्राचं पाणी ते तांबं खात असे. नौदलानं रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीला उपाय विचारला. 1824 मध्ये त्यानं दाखवून दिलं की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला की तो तुकडा झिजतो आणि तांबं शाबूत राहतं. सुरुवातीच्या प्रयोगांत कोचीनला बांधलेलं, हिंदुस्थानातच तांबं चढवलेलं ‘समरंग’ हे जहाज होतं. तांबं खरोखर वाचलं. पण नवीच अडचण उभी राहिली: झिजणाऱ्या तांब्याचा पाण्यात उतरणारा अंश समुद्री जिवांना विषारी होता, झीज थांबली तशी जहाजांच्या बुडावर शेवाळ आणि शिंपल्यांची दाट वस्ती झाली, वेग घटला, आणि काही वर्षांतच नौदलानं डेव्हीचे तुकडे काढून टाकले. या विषयात पुढे जे जे घडलं त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. समुद्रात एक उपाय केला की त्याचा परिणाम दुसरीकडे उगवतो.

डेव्हीची युक्ती लोखंडासाठी मात्र अमोल ठरली. मुंबई हायच्या जॅकेटांना आणि जहाजांच्या सुकाणूंना आज जे ॲनोड लावतात ते हेच. समुद्रातल्या बांधकामांसाठी आता जस्ताऐवजी बहुधा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरतात. त्यात थोडं जस्त आणि किंचित इंडियम असतं. ॲनोड झिजत जातो आणि पोलादाकडे इलेक्ट्रॉन पाठवतो. चांदी-क्लोराइडच्या प्रमाणित इलेक्ट्रोडशी तुलना करून पोलादाचा विभव उणे 0.80 व्होल्ट किंवा त्याखाली आला, की ते पोलाद सुरक्षित समजतात. पाणबुडा किंवा रिमोटवर चालणारं यान ठिकठिकाणी टोक टेकवून हाच आकडा वाचत असतं.

इथं आपल्या समुद्राचा एक फायदा आहे, जो सहसा सांगितला जात नाही. पोलादाला वीज मिळू लागली की त्याच्या पृष्ठभागालगतचं पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यातून चुन्याचा पातळ थर बसतो. तो थर पुढचा विजेचा खर्च वाचवतो. उष्ण पाण्यात तो लवकर आणि दाट बसतो. म्हणून उथळ पाण्यासाठी प्रमाणित हिशेब थंड समुद्रात प्रत्येक चौरस मीटरला सरासरी 120 मिलिअँपिअर मागतो, तर वीस अंशांवरच्या समुद्रात 70 मिलिअँपिअर. एक किलो ॲल्युमिनियम साधारण 2,000 अँपिअर-तास देतं. गणित केलं तर पंचवीस वर्षांसाठी एका चौरस मीटर उघड्या पोलादाला साडेसात किलोंच्या आसपास ॲल्युमिनियम लागतं. आठ मीटर व्यासाच्या खांबाचा तीस मीटर भाग पाण्यात असेल तर बाहेरून साडेसातशे चौरस मीटर, म्हणजे सहा टनांच्या आसपास. चिखलातल्या भागाला लागणारं वेगळं, आणि ॲनोडचा गाभा पूर्ण वापरला जात नाही, त्यासाठीची भर वेगळी. शंभर खांब म्हणजे पाव शतकात शेकडो टन धातू समुद्रात विरघळवणं. त्याचं मासळीवर आणि तळावर काय होतं, याचा अभ्यास युरोपात चालू आहे. आपल्याकडे वसई-सातपाटीपासून जाफराबादपर्यंतच्या मच्छीमारांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. ॲनोड न झिजवता बाहेरून वीज देण्याची पद्धतही आहे. ती टनावारी धातू वाचवते, पण खांब ठोकल्यापासून वीजजोडणी होईपर्यंतचे महिने खांब उघडा राहतो, आणि केबल तुटली की संरक्षणही तुटतं.

युरोपातल्या उत्तर समुद्रानं शिकवलेला सर्वांत महागडा धडा खांबाच्या बाहेरचा नव्हता, आतला होता. सुरुवातीच्या आखणीकारांचं म्हणणं तर्कशुद्ध होतं: नळी वरून हवाबंद केली की आतल्या पाण्यातला प्राणवायू गंजातच संपून जाईल आणि मग गंज आपोआप थांबेल. म्हणून कित्येक खांबांना आतून ना रंग दिला, ना ॲनोड. प्रत्यक्षात वीजवाहिनी जिथं खांबात शिरते तिथलं सील गळत होतं. भरती-ओहोटीबरोबर आतलं पाणी चढू-उतरू लागलं. तपासणीसाठी झाकण उघडलं की ताजी हवा आत जाई. जो पृष्ठभाग शांत राहायला हवा होता त्यावर खड्डे दिसू लागले, कुठं कुठं जिवाणूंची करामतही.

मग आतून ॲनोड सोडले गेले, आणि डेव्हीच्या जहाजांवर घडलं ते वेगळ्या रूपात घडलं. मोकळ्या समुद्रात ॲल्युमिनियम विरघळून तयार होणारं किंचित आम्ल लाटांत मिसळून जातं. बंद नळीत ते कुठं जाणार? ते साचलं, पाणी आम्लधर्मी होत गेलं, पोलाद अधिक वीज मागू लागलं, ॲनोड अधिक झिजले आणि आम्ल आणखी वाढलं. सोबत हायड्रोजन निघतो, कुजणाऱ्या जिवांमुळे हायड्रोजन सल्फाइड येतो, प्राणवायू कमी झालेला असतो. अशा जागेत तपासणीला उतरणारा माणूस जिवाशी खेळत असतो. गटारसफाईत माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला याचं गांभीर्य वेगळं समजवावं लागू नये. आज नव्या आखणीत बहुतेक जण उलट दिशेनं जातात: खांबाला मुद्दाम भोकं ठेवायची, समुद्राचं पाणी आतून वाहू द्यायचं, आतून रंग द्यायचा आणि ॲनोडचा हिशेब वाढवून धरायचा.

हा उपाय खंभातच्या तोंडाशी जसाच्या तसा चालेल का? मला शंका आहे. नर्मदा, तापी, मही, साबरमती यांचा गाळ या आखातात येतो. पाणी गढूळ, प्रवाह जोराचे. भोकांतून पाण्याबरोबर गाळही शिरेल आणि आतल्या शांत पाण्यात बसेल. काही वर्षांत आतले खालचे ॲनोड चिखलात पुरले गेले तर त्यांचं काम मंदावेल आणि जिवाणूंना हवी तशी जागा मिळेल. बाहेरून तोच गाळ प्रवाहाबरोबर रंगाला घासत राहील. भरती-ओहोटीचा फरकही विचारात घ्यावा लागतो. मुंबईत उधाणाला तो साडेचार-पाच मीटर असतो, आखाताच्या शिरोभागी भावनगरकडे दहा मीटरवर जातो, तोंडाशी पिपावावकडे पुष्कळ कमी होतो. म्हणजे जागा थोडी उत्तरेला सरकवली की खांबावरचा तो सर्वांत धोकादायक पट्टा कित्येक मीटरांनी लांबतो. जागेची निवड वाऱ्याच्या नकाशावर होते. ती गंजाच्या नकाशावरही पडताळली जावी.

दक्षिणेकडे आणखी वेगळं चित्र आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 साली जगासमोर मांडलं की पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर तळाचं पाणी प्राणवायूविना होतं, कधी त्यात हायड्रोजन सल्फाइडही येतो. मासळीसाठी ही आपत्ती. पोलादासाठी ती दुधारी: प्राणवायूच नाही म्हणजे साधा गंज कमी, पण गंधकजीवी जिवाणूंना सुगी. पुढेमागे कोकण किनाऱ्यावर खांब रोवायचं ठरलं, तर उत्तर समुद्राचं कोणतंही पुस्तक याचं उत्तर देणार नाही.

अभियंते सहज म्हणतात, मुंबई हाय पन्नास वर्षं राखलं, मग पवनचक्कीत काय कठीण? फरक मोठा आहे. जॅकेटला अनेक पाय आणि आडवे-तिरपे दुवे असतात. एखादा दुवा कमजोर झाला तरी भार दुसरीकडून जातो. मोनोपाइल एकटाच असतो. वारा, लाटा आणि फिरणारी पाती त्याला सतत वाकवतात. मिनिटाला दहा फेरे घेणारं तीन पात्यांचं चाक पंचवीस वर्षं अखंड फिरलं, तर मनोऱ्यासमोरून पातं जाण्याचे प्रसंग चाळीस कोटींच्या घरात जातात. पोलाद अशा वारंवारच्या ताणानं थकतं, आणि थकव्याचा तडा बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होतो. कोरड्या हवेत ताण पुरेसा लहान असेल तर तडा फार काळ सुरूच होत नाही. खाऱ्या पाण्यात संरक्षणाविना ती सवलत उरत नाही. लहानात लहान ताणही आपलं काम करतो, आणि गंजाचा बारीक खड्डा तड्याला जन्मस्थान देतो. म्हणून खांबाची जाडी किती उरली एवढंच विचारून भागत नाही. वेल्डजवळ खड्डा पडलाय का, हे पाहावं लागतं. उलट बाजूनं, विजेचं संरक्षण अति झालं तरी उच्च शक्तीच्या बोल्टांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका आहे. कमीही नको आणि जास्तही नको, असा हा मधला अरुंद रस्ता आहे.

दुसरा फरक माणसांचा. प्लॅटफॉर्मवर माणसं राहतात. रंगाचा पोपडा कुणाच्या तरी डोळ्यांना दिसतो, कुणीतरी फोरमनला सांगतं. पवनचक्कीवर कुणी राहत नाही आणि चक्क्या शेकड्यांनी, एकमेकींपासून किलोमीटरभर दूर असतात. तिसरा फरक पैशाचा. तेलाच्या उत्पन्नातून पाणबुड्यांचं जहाज परवडतं. स्पर्धेच्या लिलावात ठरलेल्या विजेच्या दरात ते बसवणं अवघड.

आणि पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्र बंद असतो असं म्हटलं तरी चालेल. मच्छीमारीलाही त्यातला काही काळ बंदी असते. उरलेल्या आठ महिन्यांत उभारणी, तपासणी, डागडुजी सारं बसवायचं. रंगाचं काम तर कोरडा, मीठ धुतलेला पृष्ठभाग मागतं आणि लाटांच्या पट्ट्यात तो मिळतच नाही. त्यामुळे रंगाचा दर्जा कारखान्याच्या शेडमध्येच ठरतो: पत्रा नीट ब्लास्ट केला का, मीठ मोजलं का, वेल्डच्या कडा घासून गोल केल्या का, थरांची जाडी पडताळली का. यार्डात जे चौरस मीटर काही तासांत दुरुस्त होतं, तेच समुद्रात दोरीवर लटकून करायला कित्येक पट खर्च येतो. मुंबईच्या माझगाव गोदीनं तेलविहिरींसाठी जॅकेट आणि प्लॅटफॉर्म बांधलेले आहेत. या शेडमधल्या शिस्तीची परंपरा आपल्याकडे आहे.

काँक्रीटचा पर्याय का नाही, असं विचारलं जातं. जगातलं पहिलं समुद्री पवनक्षेत्र, डेन्मार्कमधलं विंडेबी, 1991 मध्ये काँक्रीटच्या वजनदार पायांवरच उभं राहिलं आणि 2017 मध्ये आयुष्य पूर्ण करून उतरवलं गेलं. अकराच चक्क्या, उथळ पाणी. काँक्रीट लाटांच्या पट्ट्यात पोलादापेक्षा सोशीक असतं, पण मांडवी आणि वाशीचा अनुभव पाहता आपल्या हवामानात आवरणाची जाडी, मिश्रणातली स्लॅग किंवा राख आणि ओतकामाची शिस्त यांत कसूर झाली तर तेही दगा देतं. खंभातच्या मऊ चिखलावर वजनदार पाया ठेवणं हा वेगळाच प्रश्न. पहिल्या टप्प्यात पोलादच येईल असं मला दिसतं.

मग आपल्याकडे काय आहे? ओएनजीसीकडे शंभराहून अधिक प्लॅटफॉर्मांच्या विभवाची, ॲनोडच्या झिजेची, समुद्री वाढीच्या जाडीची पन्नास वर्षांची नोंद आहे आणि पनवेलला स्वतःची समुद्र-अभियांत्रिकी संस्था आहे. अंबरनाथला नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा युद्धनौकांच्या रंगांवर आणि विजेच्या संरक्षणावर काम करते. पवईत आयआयटीचा धातुविज्ञान विभाग गंजावर दशकानुदशकं शिकवतो आहे. तमिळनाडूत कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. ओएनजीसी आणि एनटीपीसी यांनी 2020 मध्ये समुद्री पवनऊर्जेसाठी सामंजस्य करारही केला. मुंबईच्या लोकलनं जोडलेल्या पट्ट्यातच यातलं एवढं ज्ञान असताना खांबांची आखणी पूर्णपणे उत्तर समुद्राच्या आकड्यांवर व्हावी, हे मला मान्य नाही. परदेशी कंपनीनं आखणी करावी, पण तिच्यासमोर मुंबई हायच्या पाण्यात मोजलेले आकडे असावेत. तेलाचे साठे आणि सुरक्षिततेच्या बाबी गुप्त राहू द्या; कोणत्या खोलीवर ॲनोड किती वर्षांत किती झिजला, ही माहिती झाकून ठेवण्यात देशाचा काहीही फायदा नाही.

निविदेचा मसुदाही याच नजरेनं वाचायला हवा. लिलाव कमीत कमी दरावर जिंकला जातो. गंजाविरुद्धचा बराचसा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो आणि त्याचं फळ विसाव्या वर्षी दिसतं. तोवर प्रकल्पाची मालकी बदललेली असू शकते. ज्यानं दर पाडण्यासाठी आतला रंग वगळला तो आणि ज्याला विसाव्या वर्षी खड्डे सापडतील तो, हे दोघे वेगळे असतील. सरकारी तूटनिधीतून, म्हणजे जनतेच्या पैशातून, उभ्या राहणाऱ्या पहिल्या 500 मेगावॅटसाठी तरी तीन गोष्टी करारात पक्क्या लिहिल्या जाव्यात. प्रत्येक खांबात, आत आणि बाहेर, कायमचे संदर्भ-इलेक्ट्रोड पहिल्या दिवसापासून बसवलेले असावेत आणि आतल्या पाण्याची आम्लता व वायू मोजणारी उपकरणंही, म्हणजे माणूस आत उतरवायची गरज कमीत कमी पडेल. काही खांबांवर उघड्या पोलादाचे नमुने वेगवेगळ्या उंचीवर टांगलेले असावेत. दरवर्षी एक काढून तोलला की या समुद्रातला झिजेचा खरा दर कळेल, 0.4 हा आकडा कमी आहे की जास्त ते ठरेल. आणि प्रत्येक पावसाळ्यानंतरची मोजमापं राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेकडे जमा होऊन संशोधकांना खुली असावीत. पिपावावजवळचं लायडार ज्या चौथऱ्यावर बसलं तोही याच पाण्यात उभा केलेला. त्याच्या पोलादाची जाडी भरती-ओहोटीच्या रेषेवर मोजून प्रसिद्ध करणं हे काम तर पहिल्या पवनचक्कीची वाट न पाहता सुरू करता येण्याजोगं आहे.